दुसरं मॅगझिन: वारशाने आलेल्या पिस्तुलाचं एक प्रकरण

जळगाव जिल्ह्यातलं हे प्रकरण. गावाचं नाव काढलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. परवानाधारकाला इथे अप्पा म्हणू. मी परवानाधारकांना शस्त्र हाताळणी शिकवतो, त्या निमित्ताने प्रकरण माझ्याकडे आलं. लिहिण्याचं कारण एवढंच की पिस्तुलाच्या मॅगझिनबद्दल, म्हणजे मुठीत सरकवायच्या काडतुसांच्या डब्याबद्दल, आपल्याकडे फार कमी बोललं जातं. पिस्तूल कुठल्या कंपनीचं, हे लोक तासभर सांगतील. मॅगझिन कोणाचं, हे विचारलं की गप्प.

पार्श्वभूमी

तापीच्या उत्तरेला अप्पांची छोटी जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायची गिरणी, आहे. कापूस निघाला की शेतकरी गाडी घेऊन दारात येतो, काटा झाला की पैसे मागतो, आणि बहुतेकांना ते रोखच हवे असतात. बँकेतून जिनिंगवर येणारी आणि संध्याकाळी उरलेली घरी जाणारी रोकड, या कारणावर अप्पांच्या वडिलांनी परवाना काढला होता. वडील गेल्यावर वारस म्हणून अप्पांनी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत अर्ज केला. यथावकाश परवाना आणि पिस्तूल दोन्ही त्यांच्या नावावर झालं.

पिस्तूल म्हणजे .३२ बोअरचं वॉल्थर पीपी. हे मॉडेल जर्मनीत १९२९ मध्ये बाजारात आलं. नळी जागेवर घट्ट, ब्लोबॅकवर, म्हणजे बाराच्या मागे येणाऱ्या धक्क्यावर, चालणारी साधी रचना, आठ राउंडचं, म्हणजे आठ काडतुसांचं, मॅगझिन. अप्पांच्या पिस्तुलावर झेला-मेहलिस या वॉल्थरच्या जुन्या कारखान्याच्या गावाचा छाप आहे, म्हणजे ते १९४५ च्या आधीचं. सोबतचं मॅगझिनही त्याच काळातलं आणि एकच. दुसरं कधी होतं की नाही, घरात कोणाला आठवत नाही.

आता २०२४ चं वर्ष. लोकसभा निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा झालं, मेच्या मतदानानंतर काही दिवसांनी परत आलं. ऑक्टोबरात खंडेनवमीला घरच्या रिवाजाप्रमाणे शस्त्रपूजा झाली. पिस्तूल आणि मॅगझिन पाटावर मांडलं, शिलाई मशीनचं तेल सढळ हाताने सोडलं, वर हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. १२ तारखेला दसरा झाला आणि १५ ला विधानसभेची आचारसंहिता लागली. पिस्तूल आहे त्या अवस्थेत कापडी पिशवीतून पुन्हा ठाण्यात गेलं. परत मिळालं तेव्हा निवडणुकीचा निकाल लागून गेला होता आणि जिनिंगचा हंगाम भरात होता.

अडचण

परत मिळालेलं पिस्तूल अप्पांनी वरून पुसलं, आठ राउंड भरले आणि कमरेला लावलं. मुलाने आग्रह धरला म्हणून ते एकदा परवानाप्राप्त रेंजवर आले. पहिले काही राउंड नीट गेले. मग ट्रिगर ओढल्यावर नुसताच ‘टक्’ आवाज.

अप्पा अहिराणीत म्हणाले, “माले तं वाटनं, गोळीच फुसकी शे.”

असं झालं की सगळ्यांचा पहिला अंदाज हाच असतो, आणि काडतूस खरोखर फुसकं असण्याची शक्यता धरूनच वागायचं असतं. पिस्तूल लक्ष्याकडेच धरून निदान तीस सेकंद थांबायचं, कारण कधीकधी काडतूस उशिरा पेटतं. मग मॅगझिन काढायचं आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग, मागे ओढायची. तसं केलं. चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतून, काहीच पडलं नाही. काडतूस फुसकं निघालं नव्हतं, ते चेंबरपर्यंत पोचलंच नव्हतं. स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधल्या वरच्या राउंडला न उचलता त्याच्यावरून सरकून गेली होती.

मॅगझिनमधून येऊ शकणाऱ्या बिघाडांत हा मला सगळ्यात वाईट वाटतो. राउंड वाकडा अडकला तर स्लाइड अर्धवट उघडी राहते, डोळ्याला दिसतं, हाताला कळतं. इथे स्लाइड पूर्ण बंद होते, पिस्तूल बाहेरून भरलेलं आणि तयार दिसतं, आणि आत चेंबर रिकामं असतं.

आणखी एक खूण होती. पीपीमध्ये शेवटचा राउंड सुटल्यावर मॅगझिनमधला फॉलोअर, म्हणजे राउंडच्या खालचा पत्र्याचा तुकडा, आतली एक पट्टी वर ढकलतो आणि स्लाइड मागेच अडकून राहते. त्या दिवशी मॅगझिन संपलं तरी स्लाइड बंद झाली. बिघाड शेवटच्या दोन-तीन राउंडला होतो आणि स्लाइड मागे थांबत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवतात. भरलेल्या मॅगझिनमध्ये स्प्रिंग दबलेली असते, जोर जास्त असतो. राउंड कमी होतात तशी ती सैल होते. थकलेली स्प्रिंग म्हणून शेवटी शेवटी उघडी पडते. बिघाड पहिल्याच राउंडला झाला असता तर मी आधी मॅगझिनच्या वरच्या लिप्स, म्हणजे राउंडला धरून ठेवणाऱ्या दोन दुमडलेल्या कडा, तपासल्या असत्या.

मॅगझिन उघडल्यावर

अप्पांनी आयुष्यात मॅगझिन कधी उघडलं नव्हतं. परवानाधारक दुरुस्ती मिस्त्रींनी तळाची पट्टी सरकवली, स्प्रिंग बाहेर काढली आणि कागदावर झटकली. जे पडलं ते आधी कोणाला ओळखूच येईना. तपकिरी-लाल रंगाचा, बोटाला चिकटणारा लगदा. त्यात कुंकू होतं, तेल होतं, आणि त्या तेलाला धरून बसलेले कापसाचे बारीक तंतू. जिनिंगच्या हवेत हे तंतू कायम तरंगत असतात, अंगावरच्या कपड्यांत, गाडीच्या सीटवर, सगळीकडे. मॅगझिनच्या बाजूला राउंड मोजायची जी छिद्रं असतात, त्यांतून ते आत गेले होते. एक तांदूळही निघाला.

मिस्त्री हसले नाहीत. त्यांच्या सांगण्याप्रमाणे नवरात्रानंतर त्यांच्याकडे येणाऱ्या कामात हे नेहमीचं आहे. पूजा करू नका असं ते कोणाला सांगत नाहीत. मॅगझिन बाजूला काढून रिकाम्या पिस्तुलाची पूजा करा, एवढं सांगतात.

लगदा साफ केला, आतून कोरडं पुसलं. मॅगझिनच्या आत तेल जवळजवळ नकोच असतं. ते धूळ धरतं आणि काडतुसाच्या टोपीपर्यंत, म्हणजे बुडाशी असलेल्या बार पेटवणाऱ्या भागापर्यंत, झिरपलं तर बारही बिघडवू शकतं. सफाईनंतर फरक पडला, पण शेवटच्या राउंडची तक्रार पूर्ण गेली नाही. मॅगझिनची एक लिप दुसरीपेक्षा किंचित बाहेर आलेली दिसत होती, बहुधा कधीतरी फरशीवर पडल्यामुळे. आणि स्प्रिंगला आठ दशकं झालेली. “भरून ठेवल्यामुळे स्प्रिंग मेली का?” असं अप्पांनी विचारलं. चांगल्या पोलादाची, ठरलेल्या मर्यादेत दबलेली स्प्रिंग नुसत्या भरून राहण्याने फारशी बसत नाही. पुन्हा पुन्हा दबणं-सुटणं, गंज आणि मर्यादेपलीकडे दाबणं तिला जास्त मारतं. तरी एवढ्या जुन्या स्प्रिंगचा भरवसा कोणी द्यावा!

समोर असलेले मार्ग

इथून घरात चर्चा सुरू झाली आणि प्रत्येकाकडे एकेक मार्ग होता.

अप्पांच्या एका मित्राने सर्वांत सोपा मार्ग सुचवला. सातपुड्याच्या कुशीतलं, मध्य प्रदेशाच्या हद्दीतलं उमर्टी हे नाव आपल्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. बेकायदा पिस्तुलांच्या प्रकरणांत पोलिसांच्या कागदांवर ते वर्षानुवर्षं येत आहे. “तिकडे पूर्ण पिस्तूल होतं, तर मॅगझिन काय!” असा त्याचा युक्तिवाद. “नुसता पत्र्याचा डबा तर आहे.” यावर चर्चा लांबवण्याचं कारण नव्हतं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत ‘अग्निशस्त्र’ या शब्दात त्याचे सुटे भागही येतात. कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवायला, विकायलाच नव्हे तर दुरुस्त करायलाही परवाना लागतो. ज्याच्याकडे चोख परवाना आहे त्याने डब्यासाठी तो घालवावा, यासारखा तोट्याचा सौदा नाही.

दुसरा मार्ग अमेरिकेतल्या भाच्याचा. तिथे ही मॅगझिन्स सहज मिळतात, येताना बॅगेत टाकून आणतो म्हणाला. प्रेमाने म्हणाला, पण आयातीसाठी कलम १० खाली वेगळा परवाना लागतो. भाच्याचा मुक्काम विमानतळावरच वाढला असता. त्याला तातडीने फोन करून नको म्हणून सांगितलं.

तिसरा मार्ग पिस्तूल काढून टाकून ऑर्डनन्स फॅक्टरीचं नवं .३२ घेण्याचा. तांत्रिकदृष्ट्या मला हा मार्ग पटत होता. सुटे भाग देशातच मिळतात, मॅगझिन कंपनीचं मिळतं. पण परवानगी, जुन्याची विक्री, नव्याची नोंद यात हंगाम निघून गेला असता आणि अप्पांच्या मनात ते वडिलांचं पिस्तूल होतं.

मुलाचा मार्ग वेगळाच होता. “अप्पा, तुम्ही निम्मी पेमेंटं आरटीजीएसने करा, मग हे कमरेला लावायचं कारणच उरत नाही.” त्याच्याशी मी आजही सहमत आहे. अप्पा काही शेतकऱ्यांच्या बाबतीत तयार झाले, सगळ्यांच्या नाही.

राहिले दोन. जुन्याच मॅगझिनला नवी स्प्रिंग बसवायची, किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे मिळणारं ‘डुप्लिकेट’ घ्यायचं. विक्रेत्याकडे पीपीला बसणारी दोन मॅगझिन्स होती. दोन्हींवर कंपनीचं नाव नव्हतं. “ओरिजिनल नाही, पण चालतं,” एवढीच हमी.

या ‘ओरिजिनल’बद्दल थोडं बोलायला हवं. पिस्तुलावर जिचं नाव ती कंपनी मॅगझिन स्वतः बनवतेच असं नाही. इटलीतली मेक-गार ही फक्त मॅगझिनसाठी ओळखली जाणारी कंपनी कित्येक नामांकित बंदूक कंपन्यांना माल पुरवते आणि तोच माल स्वतःच्या नावानेही विकते. त्यामुळे बाहेरचं म्हणजे वाईट, हे समीकरण चुकीचं आहे. प्रश्न असतो तो बनवणारा कोण हे माहीत आहे का, आणि त्याच्याकडे मूळ नकाशा होता की नमुना समोर ठेवून ठोकलं आहे, हा. अप्पांच्या समोरच्या दोन मॅगझिन्सबद्दल यातलं काहीच माहीत नव्हतं.

पहिला निर्णय: दोन्ही एकदम

अप्पांनी दोन्ही डुप्लिकेट घेतली. परवाना दाखवला, बिल घेतलं. त्याच वेळी मिस्त्रींना जुन्यासाठी नवी स्प्रिंग बसवायला सांगितली. दुकानात दोन्ही मॅगझिन्स पिस्तुलात सरकवून पाहिली होती. खट् आवाज करून बसली, बटण दाबलं की सुटली. अप्पांच्या दृष्टीने परीक्षा झाली.

पण मॅगझिन बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. ते बसलं म्हणजे त्याची खाच पिस्तुलातल्या हुकाला लागली. राउंड किती उंचीवर येतो, कुठल्या कोनात वर तोंड करतो, आधीचा राउंड सुटल्यावर पुढचा किती लवकर वर येतो, यातलं काहीही त्या आवाजातून कळत नाही. ब्लोबॅक पिस्तुलाची स्लाइड फार वेगाने मागे जाऊन परत येते. तेवढ्या वेळात स्प्रिंगने राउंड वर आणला नाही तर स्लाइड त्याची वाट पाहत नाही.

तपासणी

तिन्ही मॅगझिन्सच्या तळाला रंगाने खुणा केल्या: एक म्हणजे जुनं, दोन आणि तीन डुप्लिकेट. हे साधं काम कोणी करत नाही. खूण नसेल तर ‘पिस्तूल अडकतं’ एवढंच लक्षात राहतं, कुठल्या मॅगझिनने अडकतं हे नाही.

आधी टेबलावरची तपासणी, डमी, म्हणजे दारू नसलेले, राउंड भरून. क्रमांक दोन इथेच उघडं पडलं. त्याची खाच जुन्याच्या तुलनेत किंचित वर कापलेली होती, त्यामुळे मॅगझिन पिस्तुलात थोडं खाली बसायचं. हातानेही स्लाइड सावकाश सोडली की ती राउंडच्या कडेला जेमतेम घासायची. खाली तळव्याने दाबून धरलं की नीट चालायचं. मिस्त्री म्हणाले, “शेठ, गोळी चालवताना खालून दाबत बसणार का?” ते रेंजवर नेलंच नाही.

एक आणि तीन टेबलावर पास झाली. पण हाताने स्लाइड ओढणं ही अर्धीच परीक्षा, कारण हाताला बाराचा वेग नसतो. आता खरे राउंड, आणि इथे आपल्याकडची खरी अडचण सुरू होते. काडतुसांवर परवान्याची मर्यादा, किंमत वेगळी, रेंज लांब. शेतात मारून पाहू, असं सुचवणारे घरात होतेच. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि कायदा नसता तरी केळीच्या बागेपलीकडे कोण उभं आहे हे कोणाला दिसतं?

किती राउंड पुरे? हिशेब निराश करणारा आहे. सलग ३० राउंड एकदाही न अडकता गेले तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की बिघाडाचं प्रमाण दहात एकाहून जास्त नाही. दहात एक! शंभरात एकाच्या आत आहे असं म्हणायला सलग ३०० राउंड निर्धोक जावे लागतात. अप्पांसारख्या परवानाधारकाला प्रत्येक मॅगझिनमागे ३०० राउंड झाडणं कधीच जमणार नाही. म्हणून निर्णय असा घेतला की सगळे उपलब्ध राउंड उरलेल्या दोन्हींवर सारखे वाटायचे नाहीत. जे कमरेला लावायचं ठरेल त्याच एका मॅगझिनवर बहुतेक राउंड खर्च करायचे.

क्रमांक तीन

क्रमांक तीनने रेंजवर चांगली चाल दाखवली. नवं, चकचकीत, स्प्रिंग कडक, शेवटच्या राउंडनंतर स्लाइड मागे थांबणारी. अप्पांचा कल तिकडेच झुकला. जुन्याला रिटायर करू, असं ते म्हणू लागले. पुढच्या वेळी ते भरलेलं तीन क्रमांक गाडीतून, खड्ड्याखड्ड्यांतून घेऊन रेंजवर आले आणि दुसऱ्याच राउंडला ते मुकं झालं.

स्लाइड ओढून काही होईना. मॅगझिन काढून पाहिलं तर वरचा राउंड हलत नव्हता. या पिस्तुलाच्या .३२ एसीपी काडतुसाची गंमत अशी की त्याच्या बुडाची कडा अंगापेक्षा थोडीशी रुंद असते. अमेरिकन शस्त्र-रचनाकार जॉन ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास हे काडतूस आणलं तेव्हापासून ती तशीच आहे. एकावर एक राउंड रचताना वरच्याची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे असावी लागते. ती मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात, याला रिमलॉक म्हणतात. मूळ मॅगझिनमध्ये पुढे-मागे सरकायला फारशी जागा नसते, म्हणून हे सहसा होत नाही. मिस्त्रींनी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावला. क्रमांक तीन आतून, पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत, जुन्यापेक्षा स्पष्टपणे जास्त लांब होतं. त्या जास्तीच्या जागेत खड्ड्यांनी राउंड मागेपुढे सरकवले.

रिमलॉक स्लाइड ओढून सुटत नाही. मॅगझिन बाहेर काढून, राउंड खाली दाबून सोडवावे लागतात. संकटात हे कोणाला जमेल असं मला वाटत नाही.

यावर दोन मतं पडली. आतल्या जागेत पातळ पट्टी बसवून ती कमी करता येईल, असं मिस्त्रींचं मत होतं आणि तो माहितीतला उपाय आहे. माझं मत विरुद्ध पडलं: ज्या मॅगझिनचं एक माप चुकलं आहे त्याची बाकीची मापं बरोबर असतील असं धरून त्यात आणखी एक सुटा भाग का वाढवायचा? अप्पांनी माझं ऐकलं, पण मिस्त्रींचं म्हणणं अगदीच टाकाऊ होतं असं मी म्हणणार नाही.

निकाल

नव्या स्प्रिंगचं जुनं मॅगझिन कमरेला राहिलं. बाहेर आलेली लिप मिस्त्रींनी वाकवली नाही. जुन्या, कडक पत्र्याला पक्कड लावली तर तो तडकण्याची भीती, आणि डमीवर राउंड बरोबर कोनात येत होता. उरलेले राउंड त्याच मॅगझिनमधून झाडले. एकही अडकला नाही, स्लाइड दर वेळी मागे थांबली. वरच्या हिशेबाप्रमाणे याचा अर्थ मर्यादितच, हे अप्पांना सांगून ठेवलं आहे.

क्रमांक दोन विक्रेत्याने कुरकुरत परत घेतलं, कारण दोष टेबलावर दाखवता आला. क्रमांक तीन परत घेतलं नाही. “इथे तर चालतंय,” असं त्याचं उत्तर, आणि दुकानात ते खरोखर चालत होतं. ते आता तळाला लाल पट्टी मारून फक्त रेंजवर वापरलं जातं. दुसरं भरवशाचं मॅगझिन अप्पांकडे आजही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

स्प्रिंग आधी बदलून, ती तपासून मगच खरेदीचा विचार केला असता तर दोन मॅगझिन्सचे पैसे आणि बरेच राउंड वाचले असते. बिघाडाच्या खुणा पहिल्याच दिवशी स्प्रिंगकडे बोट दाखवत होत्या. पण हंगाम डोक्यावर असताना माणूस एका वेळी एक गोष्ट करत नाही, हेही समजण्यासारखं आहे.

खरेदी करायचीच होती तर एकच घेऊन, रेंजवर न चालल्यास परत, असं बिलावर लिहून घ्यायला हवं होतं. विक्रेते तयार होतात, विचारलं तर. आणि तपासणीत मॅगझिन भरून गाडीत फिरवणं पहिल्यापासून धरायला हवं होतं, कारण पिस्तुलाचा खरा मुक्काम तिथेच असतो. रेंजच्या टेबलावर ते वर्षातून एखाद्या दिवशी येतं.

एक बाब कागदाची. ठाण्यात जमा करतानाच्या पावतीवर दोन्ही वेळा ‘पिस्तूल एक नग’ एवढंच लिहिलं होतं, मॅगझिनचा उल्लेख नव्हता. परत घेताना दुसऱ्या कोणाचं मॅगझिन हातात आलं असतं तर अप्पांकडे दाखवायला काही नव्हतं. पुढच्या निवडणुकीसाठी मुलाने आताच एक कागद करून ठेवला आहे: पिस्तुलाचा क्रमांक, मॅगझिन किती, त्यांवरच्या खुणा कोणत्या आणि फोटो. जमा करण्याआधी मॅगझिन उघडून, साफ करून, रिकामं द्यायचं, हे त्याच कागदावर वर लिहिलं आहे.